लंडनच्या पर्यटनगजबजाटातील व्हिक्टोरियन पब : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लंडनला येणाऱ्या मराठी पाहुण्यांना, मग ते मुलाकडे किंवा मुलीकडे काही महिने राहायला आलेले आईवडील असोत की आठवडाभराच्या सहलीवर निघालेले कुटुंब असो, संग्रहालये, राजवाडा आणि थेम्सवरचे पूल यांची यादी सहज मिळते. ऑक्सफर्ड सर्कस, होबर्न, ब्लूम्सबरी आणि कॉव्हेंट गार्डन या भागांतील जुने पब मात्र बहुतेक जण बाहेरूनच पाहतात, दारावरच्या फुलांच्या टोपल्यांचे छायाचित्र घेतात आणि पुढे जातात. या वास्तूंचे खरे वैभव आत आहे आणि ते पाहण्यासाठी मद्य पिण्याची मुळीच गरज नाही, हे ठामपणे सांगावेसे वाटते, म्हणून नेहमी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरे येथे सविस्तर दिली आहेत.

मी मद्यपान करत नाही. तरीही मला आत जाता येईल का?

होय, आणि तुम्ही का पीत नाही हे कोणीही विचारणार नाही. काउंटरवर जाऊन लाइम अँड सोडा, संत्र्याचा रस किंवा बहुतेक ठिकाणी चहा-कॉफीसुद्धा मागता येते. आत बसायचे असेल तर काहीतरी विकत घ्यावे, एवढीच अपेक्षा असते आणि ती रास्त आहे, कारण अशी वास्तू राखण्याचा खर्च याच विक्रीतून निघतो. पिण्याचे नळाचे पाणी ग्राहकाने मागितल्यास मोफत द्यावे, असा इंग्लंडमधील मद्यपरवान्याच्या अटींतच नियम आहे.

काही नावे मात्र नवख्या माणसाची दिशाभूल करतात. इंग्लंडमध्ये सायडर म्हणजे सफरचंदाचे मद्य असते, नुसता रस कधीच नसतो आणि त्यातील मद्यार्क बिअरइतका किंवा त्याहून अधिक असू शकतो. शँडीत बिअर असतेच. लेमोनेड मागितल्यास आपल्याकडच्या लिंबू सरबताऐवजी गोड, पारदर्शक सोडा समोर येतो. जिंजर बिअर बहुधा मद्यविरहित असते, पण तिचे मद्ययुक्त प्रकारही विकले जातात, म्हणून विचारून घ्यावे. मद्यविरहित म्हणून विकल्या जाणाऱ्या काही बिअरमध्ये ०.५ टक्क्यापर्यंत मद्यार्क असतो. ज्यांना तो थेंबभरही चालत नाही, त्यांनी ०.० असे स्पष्ट लिहिलेली बाटली घ्यावी.

व्हिक्टोरियन पब कशाला म्हणावे आणि खरा कोणता हे कसे ओळखावे?

राणी व्हिक्टोरियाची कारकीर्द १८३७ ते १९०१ अशी होती, परंतु आज आपण ज्या थाटाला व्हिक्टोरियन म्हणतो तो बहुतांशी तिच्या अखेरच्या पंधरा वर्षांतला आहे. त्याची मुळे थोडी आधीची आहेत. १८२५ मध्ये जिनसारख्या मद्यावरील कर घटला आणि लंडनमध्ये गॅसच्या दिव्यांनी उजळलेले, सोनेरी नक्षीचे जिन पॅलेस उभे राहिले. १८३० च्या कायद्याने दोन गिनी इतके शुल्क भरून कोणाही करदात्याला घरातच बिअर विकण्याची मुभा दिली, त्यामुळे हजारो नवी दुकाने निघाली आणि जुन्या पबांना टिकायचे तर झळकावे लागले. १८४५ मध्ये काचेवरील कर रद्द झाला आणि मोठ्या काचा आवाक्यात आल्या. शेवटी १८९० च्या दशकात ब्रुअऱ्यांनी, म्हणजे बिअर बनवणाऱ्या कंपन्यांनी, लंडनमधील पब चढाओढीने विकत घेतले, त्यांच्या सजावटीवर अमाप पैसा ओतला आणि १८९९ च्या सुमारास हा फुगा फुटला. अनेकांचे दिवाळे निघाले, पण कारागिरी मागे राहिली.

ही कारागिरी ओळखायला शिकले की खऱ्या-खोट्यातला फरक चटकन कळतो. आम्लाने कोरून वेलबुट्टी उमटवलेल्या काचा, भिंतभर आरसे, काउंटरमागची महोगनीची उंच मांडणी, ओतीव लोखंडाचे नाजूक खांब, भिंतींवरच्या रंगीत चकचकीत फरशा आणि उंबरठ्यावरचे मोझेक ही त्यातली ठळक लक्षणे होत. छताकडे अवश्य पाहावे. तेथे पुष्कळदा उठावाच्या नक्षीचे लिंक्रस्टा नावाचे आवरण असते, जे जवसाच्या तेलापासून बनवण्याची रीत १८७७ मध्ये निघाली. पिढ्यानपिढ्यांच्या तंबाखूच्या धुराने आणि वार्निशने त्याला तपकिरी रंग आला आहे. इंग्लंडमध्ये बंदिस्त जागेत धूम्रपानाला १ जुलै २००७ पासून बंदी आहे, त्यामुळे तो रंग आता आणखी गडद होत नाही.

सर्वांत खात्रीची खूण म्हणजे एकाच पबला रस्त्यावर उघडणारी अनेक दारे आणि त्या दारांच्या काचांवर कोरलेली 'सलून' किंवा 'प्रायव्हेट' अशी दालनांची नावे. गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत पुस्तकांची कपाटे, तांब्याची भांडी आणि जुनी छायाचित्रे टांगून जुनेपणाचा आव आणणारे पबही पुष्कळ झाले आहेत, पण त्यांच्या काचा साध्या असतात आणि दार बहुधा एकच असते.

पर्यटकांच्या भागात नेमके कोणते पब पाहावेत?

एकच पाहण्याइतका वेळ असेल, तर मी होबर्न भुयारी रेल्वे स्थानकाजवळील प्रिन्सेस लुईझ सुचवेन. राणी व्हिक्टोरियाच्या चौथ्या मुलीचे नाव मिळालेला हा पब १८७२ चा आहे आणि त्याचे आतील रूप १८९१ मध्ये आर्थर चिटी या वास्तुरचनाकाराने घडवले. फरशा डब्ल्यू. बी. सिम्पसन अँड सन्स या कंपनीच्या आहेत. घोड्याच्या नालासारख्या काउंटरभोवती लाकूड आणि काच यांच्या आडभिंतींनी पाडलेले छोटे कप्पे आहेत आणि तळघरातील पुरुषांच्या प्रसाधनगृहातले संगमरवरही पाहण्यासारखे आहे. ज्या वर्षी हा पब उभा राहिला त्याच वर्षी भायखळ्याच्या राणीबागेत आज डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव धारण करणारे संग्रहालय खुले झाले. तेथल्या इंग्लंडहून आणलेल्या मिंटन कंपनीच्या फरशा आणि लोखंडी खांब ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना होबर्नमध्ये शिरताच ओळखीची जाणीव होईल.

ऑक्सफर्ड सर्कस स्थानकाच्या अगदी तोंडाशी असलेला आर्गाइल आर्म्स खरेदीच्या धबडग्यात शेकडो लोक न पाहता ओलांडतात. आत एका बाजूने लांब बोळ जातो आणि त्यातून कोरीव काचेच्या आडभिंतींमागची लहान दालने लागतात. १८९० च्या दशकातील अशी रचना लंडनच्या मध्यभागी इतक्या चांगल्या स्थितीत क्वचितच उरली आहे.

सेंट मार्टिन्स लेनवरील द सॉल्सबरी नाट्यगृहांच्या गराड्यात आहे. तीन वेळा पंतप्रधान झालेल्या लॉर्ड सॉल्सबरी यांच्यावरून त्याचे नाव पडले. काचांवर गुंफलेली 'एस एस' ही अक्षरे सॉल्सबरी स्टोअर्स या त्याच्या जुन्या नावाची आहेत आणि फुलांच्या देठांमधून दिवे धरून उभ्या असलेल्या काशाच्या स्त्रीमूर्ती येथे विसरू नयेत. ब्रिटिश म्युझियमच्या समोरच म्युझियम टॅव्हर्न आहे. कार्ल मार्क्स वाचनालयातून येथे येत असे, ही आख्यायिका तेथे हमखास ऐकायला मिळते. संग्रहालयात पाय दमल्यावर टेकायला यापेक्षा जवळची जागा नाही.

ब्लॅकफ्रायर्स स्थानकासमोरचा द ब्लॅक फ्रायर व्हिक्टोरियन म्हणून पुष्कळदा दाखवला जातो, पण त्याची संगमरवरी आणि तांब्याच्या उठावचित्रांची सजावट १९०५ नंतरची आहे. तो पाडला जाणार होता आणि कवी जॉन बेट्जमन यांच्यासह अनेकांनी आवाज उठवल्याने वाचला. काळ वेगळा असला तरी पाहावा, असेच मी म्हणेन.

पबच्या आत इतके छोटे कप्पे कशासाठी केले होते?

कारण त्या काळच्या इंग्रजी समाजाला वर्गावर्गांची सरमिसळ नको होती. पब्लिक बार कष्टकऱ्यांसाठी होता, तेथे जमिनीवर भुसा आणि बसायला लाकडी बाक असत. सलूनमध्ये गालिचा, मऊ आसने आणि त्याच बिअरला थोडा जास्त दर असे. प्रायव्हेट बार आणि स्नग नावाच्या चिमुकल्या खोल्यांत ज्यांना चारचौघांत दिसायचे नसे असे लोक, विशेषतः स्त्रिया, बसत. काही ठिकाणी काउंटरवर डोळ्यांच्या उंचीला फिरत्या काचेच्या लहान झडपा लावलेल्या असत, ज्यांमुळे गिऱ्हाइकाला पेला मिळे पण पलीकडच्याला त्याचा चेहरा दिसत नसे. ब्लूम्सबरीतील द लँब या पबमध्ये त्या आजही आहेत. मेडा व्हेल भागातील प्रिन्स आल्फ्रेडमध्ये तर पाच कप्पे असून एकातून दुसऱ्यात जायला कंबरेत वाकावे लागेल अशी ठेंगणी दारे आहेत.

आपण भारतीयांनी ही रचना पाहताना थोडे थांबावे, असे मला वाटते, कारण एकाच छताखाली माणसामाणसांत भिंती घालण्याची रीत आपल्याला अपरिचित नाही. विसाव्या शतकात या आडभिंती झपाट्याने गेल्या. आडोशाला काय चालते यावर नजर ठेवता येत नाही म्हणून परवाना देणाऱ्या दंडाधिकाऱ्यांना त्या खुपत होत्या आणि मालकांनाही एकच मोठी जागा सांभाळणे स्वस्त पडे. म्हणूनच उरलेल्या भिंती मोलाच्या ठरल्या. प्रिन्सेस लुईझमधील कप्पे २००७-०८ च्या जीर्णोद्धारात पुन्हा उभारलेले आहेत. काम इतके चोख झाले आहे की न सांगता ते कोणाच्या लक्षातही येणार नाही. आज अर्थातच कोणीही कोणत्याही दारातून आत जाऊ शकतो.

कोणत्या वेळी गेल्यास गर्दी कमी असते?

सोमवार ते गुरुवार दुपारी अडीच ते साडेचार ही वेळ उत्तम, कारण जेवणाची गर्दी ओसरलेली असते आणि कचेऱ्या सुटायला अवकाश असतो. संध्याकाळी पाचनंतर आत हलायलाही जागा नसते, गुरुवारी आणि शुक्रवारी लोक फुटपाथवर उभे राहून पितात. नाट्यगृहांजवळच्या पबांत साडेसातच्या प्रयोगाआधी विशेष रेटा असतो. काचांची नक्षी मागून ऊन आल्यावरच खुलते, म्हणून ती पाहायची असेल तर उजेड असतानाच जावे. डिसेंबरात चारच्या सुमारास अंधार पडतो, हे लक्षात घ्यावे.

टेबलावर कोणी विचारायला येईल का, की आपणच उठायचे?

बहुधा आपणच काउंटरवर जायचे, तेथेच मागायचे, तेथेच पैसे द्यायचे आणि पेले स्वतः टेबलावर आणायचे. अनेक भारतीय कुटुंबे अर्धा अर्धा तास वेटरची वाट पाहत बसलेली मी पाहिली आहेत. जेवण मागायचे असेल तर आधी टेबलाचा क्रमांक पाहून ठेवावा, तो काउंटरवर विचारतात. मग ताट मात्र टेबलावर येते.

काउंटरपाशी रांग दिसली नाही तरी क्रम असतोच. आपल्याआधी कोण आले हे प्रत्येकाला ठाऊक असते आणि काउंटरमागची माणसेही ते ध्यानात ठेवतात. चुकून आधी आपल्याला विचारले, तर शेजारच्याकडे हात करून 'हे माझ्याआधी आले आहेत' असे सांगणे सभ्यपणाचे मानले जाते. हाक मारणे, चुटकी वाजवणे किंवा नोट हलवून दाखवणे यांचा तेथे फार राग येतो. आपल्या गटाची सगळी मागणी एकदम सांगावी आणि त्यात गिनेस ही काळी बिअर असेल तर ती सर्वांत आधी सांगावी, कारण ती भरताना मध्ये थांबावे लागते.

मित्रमंडळींत एकाने सर्वांसाठी आणायचे, पुढच्या वेळी दुसऱ्याने, अशी राउंडची पद्धत आहे. आपण फक्त सोडा पीत असलो तरी एकदा आपली पाळी घ्यावी. पाळी चुकवणारा माणूस लोकांच्या लक्षात राहतो.

इंग्रज लोक बिअर कोमट पितात, हे खरे आहे का?

नाही. कास्क एल नावाची पारंपरिक बिअर तळघरात ११ ते १३ अंश सेल्सिअस तापमानाला ठेवतात, म्हणजे ती गार असते पण बर्फासारखी थंड नसते. पिंपात तिचे आंबणे थोडे चालूच असते, बाहेरून वायू भरलेला नसतो आणि काउंटरवरचा उंच दांडा हाताने ओढून ती वर आणतात. १९६० च्या दशकात मोठ्या ब्रुअऱ्या ही पद्धत सोडू लागल्या, तेव्हा ती वाचवण्यासाठी १९७१ मध्ये कॅमरा ही ग्राहकांची संघटना स्थापन झाली आणि जुन्या पबांच्या अंतरंगांची नोंद ठेवण्याचे मोठे कामही पुढे तिनेच केले. घ्यायची असेल तर आधी घोटभर चव मागता येते. इंग्लंडमधील पाइंट ५६८ मिलिलिटरचा असतो, अर्धा पाइंट मागण्यात कमीपणा नाही. लंडनच्या मध्यभागी एका पाइंटला साधारण सहा ते आठ पौंड पडतात.

इंडिया पेल एलमधील 'इंडिया' म्हणजे आपलाच भारत का?

होय. अठराव्या शतकाच्या अखेरीस पूर्व लंडनमधील बो येथील हॉजसन यांची ब्रुअरी ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांच्या कप्तानांना उधारीवर बिअर देई आणि ते ती मुंबई व कोलकात्याच्या गोऱ्या वस्तीत नफ्याने विकत. १८२० च्या दशकात बर्टन गावच्या ब्रुअऱ्यांनी हा व्यापार हिसकावून घेतला. भारताच्या प्रवासासाठीच ही बिअर मुद्दाम शोधली, ही लोकप्रिय कथा मात्र टिकत नाही, कारण फिकट रंगाची बिअर आधीपासून होती आणि पोर्टर ही काळी बिअरही त्याच जहाजांतून सुखरूप पोहोचत होती. आजच्या आयपीएमध्ये, म्हणजे इंडिया पेल एलमध्ये, मद्यार्काचे प्रमाण फार बदलते. काही इंग्रजी आयपीए साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतात, तर नव्या धाटणीच्या सहा टक्क्यांच्याही वर जातात.

शाकाहारी व्यक्तीने काय काळजी घ्यावी?

हा प्रश्न मराठी घरांसाठी महत्त्वाचा आहे आणि त्याचे उत्तर फलकावर सहसा मिळत नाही. कास्क एल निवळण्यासाठी परंपरेने आयसिंगग्लास वापरतात, जे माशांच्या हवेच्या पिशवीपासून बनते. मासा हा इंग्लंडमधील चौदा जाहीर करावयाच्या ॲलर्जीकारक घटकांपैकी एक असला, तरी बिअर आणि वाइन निवळण्यासाठी वापरलेल्या आयसिंगग्लासला त्या नियमातून सूट आहे, म्हणून स्पष्टपणे विचारल्याखेरीज ते कळणार नाही. व्हीगन, म्हणजे प्राणिजन्य काहीही नसलेली, अशी खूण असलेली बिअर मागितली की शंका उरत नाही. गिनेसने अलीकडच्या काळात आयसिंगग्लासचा वापर बंद केला आहे.

जेवणात बटाट्याच्या चिप्स, म्हणजे आपल्याकडचे फ्रेंच फ्राइज, निरुपद्रवी वाटतात, पण त्या कधी गोमांसाच्या चरबीत, तर कधी मासे तळलेल्याच तेलात तळतात. 'पाय' (pie) नावाचा सारण भरलेला पदार्थ आणि पुडिंग यांच्या आवरणात सूएट ही जनावराची चरबी असू शकते, वूस्टर सॉसमध्ये मासळी असते आणि रविवारच्या रोस्टबरोबर येणाऱ्या यॉर्कशर पुडिंगमध्ये अंडे असते. काउंटरवर विचारल्यास सांगतात, कधी स्वयंपाकघरात जाऊन खात्री करून येतात. विचारण्याचा संकोच अजिबात करू नये.

लहान मुलांना नेता येते का?

मोठ्यांसोबत दिवसा बहुतेक ठिकाणी चालते, परंतु तो निर्णय त्या त्या पबच्या व्यवस्थापनाचा असतो आणि संध्याकाळी सात-आठनंतर अनेक ठिकाणी मुलांना थांबू देत नाहीत, म्हणून दारातच विचारावे. मद्य विकत घेण्याचे वय १८ आहे आणि पंचविशीच्या आतला दिसणाऱ्या कोणाकडेही ओळखपत्र मागण्याची पद्धत आहे, तेव्हा तरुण मंडळींनी पासपोर्ट जवळ ठेवावा.

छायाचित्रे काढता येतात का?

काहीतरी विकत घेतल्यानंतर विचारून काढल्यास सहसा हरकत नसते. इतर लोकांचे चेहरे टाळावेत, फ्लॅश वापरू नये. प्रिन्सेस लुईझ सॅम्युअल स्मिथ या यॉर्कशरमधील जुन्या ब्रुअरीच्या मालकीचा आहे आणि तिच्या पबांत संगीत व दूरचित्रवाणी नसते, मोबाइलच्या वापरावरही बंदीचे धोरण आहे. तेथे डोळ्यांनीच पाहावे. शांततेमुळे ते अधिक चांगले पाहून होते, असा माझा अनुभव आहे.

टिप द्यावी लागते का?

काउंटरवर नाही. टेबलावर बसवून जेवण वाढले असेल तर बिलात सेवाशुल्क, बरेचदा साडेबारा टक्के, आधीच धरलेले असते, म्हणून बिल वाचूनच वर काही द्यावे.

वृद्ध आईवडिलांना जिने आणि उंच स्टुले यांचा त्रास होईल का?

होऊ शकतो, आणि हे आधीच लक्षात घेतलेले बरे. अशा बहुतेक वास्तू वारसा म्हणून संरक्षित आहेत, त्यांत सहजासहजी फेरफार करता येत नाहीत आणि प्रसाधनगृहे पुष्कळदा अरुंद जिन्याने तळघरात किंवा वरच्या मजल्यावर असतात. पाठीला टेकू असलेली बाके भिंतीलगत असतात, ती दुपारी मिळतात. चाकाच्या खुर्चीने येणाऱ्यांनी निघण्यापूर्वी पबला दूरध्वनी करून दार, पायऱ्या आणि प्रसाधनगृह यांची चौकशी करावी.

एकट्या स्त्रीने जाणे योग्य आहे का?

आज अगदी योग्य आणि नेहमीचे आहे. पण हे आपोआप झालेले नाही. लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवरील एल व्हिनो या प्रसिद्ध मद्यालयात काउंटरपाशी उभ्या असलेल्या स्त्रियांना पेय देत नसत, त्यांनी मागच्या खोलीत बसावे असा दंडक होता आणि १९८२ मध्ये अपील न्यायालयाने तो बेकायदा भेदभाव ठरवला. पुस्तक घेऊन कोपऱ्यात बसलेली स्त्री आता कोणत्याही पबमध्ये दिसते. कोणी त्रास दिला तर काउंटरवर सरळ सांगावे. अनेक पबांत 'आस्क फॉर अँजेला' ही योजना आहे, म्हणजे अँजेलाला भेटायचे आहे असे म्हटले की कर्मचारी मदतीची गरज ओळखतात. बॅग खुर्चीच्या पाठीवर न अडकवता मांडीवर किंवा काउंटरखालच्या हुकाला लावावी आणि फोन टेबलावर ठेवू नये, हे स्त्री-पुरुष सर्वांसाठीच आहे.

घंटा वाजली तर काय समजावे?

बहुतेक पब रात्री अकराला, रविवारी त्याआधी बंद होतात. बंद होण्यापूर्वी वाजणारी पहिली घंटा शेवटची मागणी नोंदवण्यासाठी असते. दुसऱ्या घंटेनंतर नवे काही मिळत नाही, पण हातातले संपवायला थोडा वेळ देतात. पेला सोबत घेऊन जाऊ नये. निघताना रिकामे पेले काउंटरवर ठेवून आभार मानण्याची जुनी रीत आहे आणि परक्या पाहुण्याने ती पाळली की काउंटरमागच्या माणसांना मनापासून बरे वाटते.